अठरापगड वस्तीतलं विकाऊ घर बघताना

घराच्या जाहिरातीत स्वयंपाकघराचा ओटा असतो, नव्या फरशा असतात, भिंतींचा ताजा रंग असतो. पैसे मोजले की या गोष्टी महिन्याभरात बदलता येतात. रस्ता घरापेक्षा उंच आहे का, उन्हं कुठल्या खिडकीतून येतात, शेजाऱ्याची भिंत किती जाड आहे, मालकीत वारस किती आहेत, हे मात्र जाहिरातीत सापडत नाही. आणि नेमकं हेच नंतर बदलता येत नाही.

म्हणून घर बघायला निघताना एक वही घ्या आणि पानाच्या मधोमध रेघ ओढा. डावीकडे लिहा ‘बदलता येईल’, उजवीकडे ‘बदलता येणार नाही’. दिसलेली प्रत्येक गोष्ट या ना त्या बाजूला गेली पाहिजे. डावी बाजू भाव ठरवताना कामी येते, उजवी बाजू घर घ्यायचं की नाही ते ठरवते. बहुतेक नवखे लोक डाव्या बाजूवर भाळतात किंवा डाव्या बाजूमुळेच घर नाकारतात.

इथे डोळ्यांसमोर आहे ते एका कुटुंबाने वर्षानुवर्षं राहून विकायला काढलेलं घर, आणि तेही नाना भाषांच्या, धर्मांच्या, ऐपतीच्या लोकांच्या शहरी वस्तीतलं. नोंदणीचे, कराचे नियम देशागणिक बदलतात, त्यासाठी तिथलाच वकील लागतो. बाकीचं बरंचसं सगळीकडे सारखंच आहे.

पायरी १ : जाहिरातीत काय नाही ते वाचा

तीन बेडरूम लिहिल्यात आणि फोटो दोनचेच आहेत, तर तिसरी मुद्दाम वगळलेली असण्याची शक्यता बरीच. फोटो बहुधा वाइड अँगल लेन्सने काढलेले असतात, त्यामुळे खोलीचा अंदाज दार आणि पलंगाच्या मापावरून घ्या. क्षेत्रफळ भिंती धरून आहे की सोडून, जिना आणि गच्ची त्यात मोजलीय का, हे लेखी विचारा. घर किती काळ विक्रीला आहे आणि मध्ये भाव उतरवलाय का, तेही विचारा. जाहिरातीवर याहून जास्त वेळ घालवू नका.

पायरी २ : दाराची बेल वाजवण्याआधी वस्ती बघा

दलाल जी वेळ देतो ती घराची सगळ्यात देखणी वेळ असते. तुम्ही आपल्या वेळेला जा: कामाच्या दिवशी सकाळी, रात्री अकरानंतर, सुट्टीच्या दुपारी, आणि जमलं तर भर पावसात. पावसातली एक फेरी बाकीच्या फेऱ्यांपेक्षा जास्त सांगते. पाणी कुठून वाहतं, कुठे तुंबतं, कुणाच्या उंबऱ्याशी वाळूच्या गोण्या रचलेल्या आहेत, सगळं उघडं पडतं.

संमिश्र वस्तीत ‘सुट्टीचा दिवस’ एकच नसतो. कुणाची प्रार्थना शुक्रवारी, कुणाची शनिवारी, कुणाची रविवारी. रविवारी सुनसान वाटलेली गल्ली शुक्रवारी दुपारी गाड्यांनी गच्च भरलेली असू शकते. सणांचंही तेच. प्रत्येकाचं कॅलेंडर वेगळं, त्यामुळे एका आठवड्याच्या शांततेवरून वर्षाचा हिशेब मांडू नका. यात वाईट काहीच नाही. मला तर ही वस्तीची श्रीमंती वाटते. पण तान्हं बाळ, आजारी माणूस किंवा रात्रपाळी असलेल्या घराने हे आधी जाणून घेतलेलं बरं.

आवाज कानाने ऐका आणि मोबाइलवरही मोजा. मोबाइलचं मीटर काटेकोर नसलं तरी दोन घरांची तुलना करायला पुरतं. डेसिबलची मोजपट्टी सरळ नसते: १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट, आणि कानाला साधारण दुप्पट आवाज. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची मार्गदर्शक पातळी घराबाहेर ४० डेसिबल, तीही वर्षभराची सरासरी, अशी सुचवली होती. गजबजलेल्या रस्त्यावर हे अवघडच. म्हणून झोपायची खोली मागच्या अंगाला आहे का ते बघा. वाहनांचा आवाज चांगल्या खिडक्यांनी बराच अडतो. शेजारच्या स्पीकरचा खालच्या पट्टीतला ‘धम्म धम्म’ मात्र भिंतीतून येतो, आणि त्याला खिडकी लावून काही होत नाही.

आता माणसांबद्दल. ‘इथले लोक कसे आहेत?’ हा प्रश्न कुणालाच विचारू नका. त्याचं उत्तर वस्तीबद्दल काही सांगत नाही, उत्तर देणाऱ्याबद्दल सांगतं. त्याऐवजी ज्यांना घर विकलं गेलं काय, न गेलं काय, सारखंच, अशांना गाठा: टपाल वाटणारा, कचरा उचलणारे, शाळेच्या फाटकावरचा रखवालदार. आणि विचारा ते नेमकं विचारा. पाण्याचा दाब कोणत्या वेळी कमी असतो? गाडी लावण्यावरून तंटे कुठे होतात? रात्री उशिरा आलेली बाई बसथांब्यापासून एकटी चालत येते का?

‘वस्ती बदलतेय, लवकर निर्णय घ्या’ असं दलाल म्हणाला तर सावध व्हा. या वाक्याला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकी शहरांतल्या काही दलालांनी गोऱ्या घरमालकांना ‘कृष्णवर्णीय यायला लागलेत, भाव कोसळणार’ अशी भीती घातली, त्यांची घरं पडत्या भावात घेतली आणि तीच कृष्णवर्णीय कुटुंबांना चढ्या भावात विकली. दोन्हीकडून लूट. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने तिथे या प्रकाराला बंदी घातली. भीती विकण्याचा धंदा मात्र एका देशापुरता नाही, आणि ‘तुमच्यासारखी माणसं पलीकडच्या भागात राहतात’ हे गोड वाक्य त्याचंच भावंड आहे. तुम्हाला काय बघायचंय ते तुम्ही ठरवा.

वस्ती खरोखरच बदलू शकते, हेही लक्षात असू द्या. थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये मांडून दाखवलं की शेजारी थोडेफार तरी आपल्यासारखे असावेत एवढीच माफक इच्छा प्रत्येकाची असली, तरी जो तो घर बदलत गेला की अख्खी वस्ती वेगवेगळ्या तुकड्यांत विभागली जाऊ शकते. कुणी कुणाचा द्वेष करायची गरजच नसते. हे त्यांनी पटावर नाणी सरकवून तपासलं होतं; पुढे, २००५ मध्ये, त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. घर बघणाऱ्याला यातून एक चांगली खूण मिळते. रस्त्यावर किती तऱ्हेची माणसं दिसतात हे मोजण्यापेक्षा ती एकत्र कुठे येतात ते बघा. मैदानात मुलं मिसळून खेळतात की टोळ्या-टोळ्यांनी? वाचनालय, बाक, सार्वजनिक नळ, जिने यांची निगा राखलेली आहे का? सामायिक वस्तू धड असतील तर तिथल्या लोकांना एकमेकांशी बोलावं लागतं आणि ते बोलतात, असं समजायला हरकत नाही. मी तरी इतर कशाहीपेक्षा या खुणेवर जास्त विश्वास ठेवतो.

पुढे घर विकायची वेळ येईल तेव्हाचाही विचार आत्ताच करा. काही ठिकाणी संमिश्रता कायद्याने राखली जाते. सिंगापूरमध्ये १९८९ पासून सरकारी गृहसंकुलांत प्रत्येक इमारतीत आणि परिसरात वांशिक गटांना कमाल मर्यादा आहे. एखाद्या गटाची मर्यादा भरली की बाहेरच्या गटातल्या विक्रेत्याला त्या गटाच्या खरेदीदाराला घर विकता येत नाही. म्हणजे गिऱ्हाइकांची संख्याच कमी होते. तुमच्या गावी असा नियम नसला तरी इमारतीचे किंवा वसाहतीचे लेखी-अलेखी निर्बंध असू शकतात. विचारून घ्या.

पायरी ३ : घर वरून खाली आणि बाहेरून आत बघा

पाणी वरून खाली येतं, म्हणून तुम्हीही गच्चीवरून किंवा छपराखालून सुरुवात करा. घर जुनं करण्यात वयापेक्षा पाण्याचा हात मोठा असतो. गच्चीवर पाणी साचल्याचे काळे डबके-डाग, पन्हाळीतून उगवलेली रोपटी, कठड्याच्या कडेच्या भेगा बघा. मग वरच्या मजल्याची छतं. पिवळसर गोल डाग म्हणजे तिथे पाणी कधीतरी आलंय. तो वाळलेला आहे की ओला, हे हात लावून कळतं.

तळमजल्यावर भिंतीच्या खालच्या भागाला लोणा लागलाय का, गिलाव्याचे पोपडे सुटलेत का, ते कपाटं-पलंग सरकवून तपासा. जमिनीतून चढणारी ओल सहसा मीटरभर उंचीच्या आसपास थांबते. त्याहून वर ओल असेल तर कारण दुसरं असतं: फुटलेली नळी, बाहेरच्या भिंतीची भेग, किंवा पलीकडच्या शेजाऱ्याचं न्हाणीघर. हा शेवटचा प्रकार वहीत उजव्या बाजूला लिहा, कारण दुरुस्तीला शेजाऱ्याचं सहकार्य लागतं. आणि सगळ्या घरात एकाच भिंतीला नवा रंग दिसला तर का दिलाय ते विचारा.

भेगांना घाबरू नका, त्यांची दिशा आणि रुंदी बघा. गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगा बहुतेक घरांत असतात. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी, विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी चढणारी, एका टोकाला रुंद होत गेलेली भेग असेल आणि तिची रुंदी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. काँक्रीटच्या घरात बीमच्या खालच्या अंगाने, गजाच्या रेषेत तडे आहेत का ते बघा. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. त्यामुळे आतला गज फुगून काँक्रीट ढकलतो आणि खपल्या निघतात. वरून सिमेंट थापलं की ते चार-दोन वर्षं झाकलं जातं, आतलं काम चालूच राहतं.

कुटुंबाने राहिलेल्या घराची खरी गंमत म्हणजे त्यातले बदल. मुलगा मोठा झाला म्हणून बाल्कनी बंद करून खोली केली, सून आली म्हणून दुसरं न्हाणीघर बांधलं, हॉल मोठा हवा म्हणून मधली भिंत काढली. प्रत्येक बदलावर तीन प्रश्न विचारा: कधी केला, परवानगी आहे का, आणि काढलेली भिंत भार घेणारी होती का. मंजूर नकाशा मागा आणि तो हातात धरून घरभर फिरा. नकाशात नसलेली खोली कितीही सुंदर असली तरी उद्या ती पाडायचा हुकूम निघू शकतो. तिचे पैसे मोजताना दहा वेळा विचार करा.

वीज: मुख्य पेटी उघडून दाखवायला सांगा. आर्थिंग आहे का, जीवरक्षक ३० मिलिअँपिअरचं गळती-रोधक स्विच बसवलंय का, की आजोबांच्या काळातल्या वायरिंगवर आजचे एसी चालवलेत? नळ: सगळे नळ एकदम सोडा, त्याच वेळी फ्लश करा आणि दाब किती पडतो ते बघा. खूप जुन्या घरात पाण्याची नळी मऊ, राखाडी, खरवडल्यावर चकाकणारी आणि लोहचुंबकाला न चिकटणारी निघाली तर ती शिशाची असू शकते. शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही, तेव्हा लहान मुलं असतील तर नळी बदलण्याचा खर्च आधीच धरा. जुन्या रंगाच्या थरांतही शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नये. जुने सिमेंटचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे, म्हणजे श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक तंतू असलेले, असण्याची शक्यता असते. ते अखंड असतील तर हात न लावणं उत्तम. त्यांना भोकं पाडू नका, फोडू नका.

एवढं सगळं बघूनही घर आवडलं तर पदरचे पैसे देऊन स्वतःचा तपासनीस आणा. दलालाने सुचवलेला नको. त्याच्या फीकडे बघून जीव वर-खाली होतो खरा, पण घराच्या किमतीच्या मानाने ती किरकोळच असते.

पायरी ४ : कागद, म्हणजे खरं तर नातेवाईक

वडिलोपार्जित किंवा भावंडांच्या सामायिक घरात कागदाआडून माणसं उभी असतात. तुमच्याशी गोड बोलणारा मोठा मुलगा एकटा मालक आहे का? पहिला प्रश्न असा असू द्या: घर कुणाच्या नावावर होतं, ती व्यक्ती हयात आहे का, नसेल तर वारस किती? मग प्रत्येक वारसाची सही, किंवा त्याचं नोंदवलेलं हक्कसोडपत्र. परदेशी गेलेली बहीण, अज्ञान मुलं मागे ठेवून वारलेला भाऊ, वीस वर्षांपूर्वी भांडून निघून गेलेला काका, या तिघांपैकी कुणीतरी बऱ्याच घरांत निघतं. कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार होणार असेल तर ते लिहून देणारी व्यक्ती आज हयात आहे याची खात्री करा, कारण सर्वसाधारणपणे तिच्या मृत्यूबरोबर ते संपतं.

नोंदणी झाली म्हणजे मालकी पक्की, असा सरसकट समज असतो. ते तुमच्या देशातल्या पद्धतीवर अवलंबून आहे. १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या टोरेन्स पद्धतीत सरकारी नोंदवहीतलं नाव हाच मालकीचा आधार असतो. अनेक ठिकाणी मात्र नोंदणी कार्यालय फक्त दस्त नोंदवतं, विकणाऱ्याला विकायचा हक्क होता का हे तपासत नाही. तुमच्याकडे दुसरी पद्धत असेल तर मागच्या खरेदीखतांची साखळी वकिलाकडून तपासून घेणं टाळता येत नाही. गहाण, थकीत कर, कोर्टातला दावा, असा कोणताही बोजा आहे का, तेही त्याच वेळी त्याच्याकडून तपासून घ्या.

वहिवाटही बघा. शेजारी मागच्या दारी जायला तुमच्या अंगणातूनच जातो का? दोन घरांची सांडपाण्याची नळी एक आहे का? माळ्यावर कोण राहतं, आणि ते भाडं देतात की नुसतेच ‘घरचेच आहेत’? घरचेच असलेले लोक ताब्याच्या दिवशी निघता निघत नाहीत.

जुन्या दस्तांत कधी कधी लाजिरवाणी कलमं सापडतात: अमुक लोकांना हे घर विकू नये, भाड्याने देऊ नये. अमेरिकेत अशी वांशिक कलमं न्यायालयांनी अंमलात आणता कामा नयेत, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात १९४८ मध्ये दिला, तरी जुन्या कागदांतला मजकूर राहिलाच. तुमच्या दस्तात असं काही दिसलं तर ते आज लागू आहे का आणि काढून टाकता येतं का, हे वकिलाला विचारा.

पायरी ५ : भाव

मागितलेला भाव ऐकण्याआधी स्वतःचा आकडा वहीत लिहून ठेवा. हे पोरकट वाटेल, पण कारण आहे. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील या संशोधकांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या टूसॉन शहरातलं एकच घर वेगवेगळ्या छापील किमती देऊन लोकांना दाखवलं. त्यात मुरलेले दलालही होते. दलालांचा अंदाजही छापील किमतीच्या मागेच सरकला, आणि ‘आम्ही त्या किमतीकडे बघितलंच नाही’ असं बहुतेकांचं म्हणणं होतं. तेव्हा तुमच्या-आमच्या मनाची काय कथा.

विकणारं कुटुंब जास्तच सांगणार, हे गृहीत धरा. त्यांच्या हिशेबात मुलांची उंची कोरलेली चौकट असते. तिची टिंगल करू नका. वस्तीतल्या अलीकडच्या प्रत्यक्ष विक्रीचे आकडे आणि वहीच्या डाव्या बाजूचा दुरुस्ती खर्च शांतपणे समोर ठेवा. भावात घासाघीस करताना घराला नावं ठेवणाऱ्याला घर मिळत नाही, असा माझा अनुभव आहे.

कर्ज घेणार असाल तर हप्ता परवडतो का एवढंच बघू नका. ८ टक्के दराने २० वर्षांचं कर्ज घेतलं तर शंभर रुपयांमागे एकूण दोनशेच्या आसपास परत जातात, आणि पहिल्या हप्त्यातला जवळजवळ ८० टक्के भाग नुसतं व्याज असतो. त्यामुळे दोन-चार वर्षांत घर विकायची वेळ आली तर मुद्दल फारसं फिटलेलं नसतं. हाती असलेली सगळी रक्कम पहिल्या दिवशीच ओतू नका. जुन्या घराची भिंत उघडली की आत काहीतरी निघतंच.

पायरी ६ : विसार, करार, ताबा

विसार देताना अटी लेखी हव्यात: कर्ज मंजूर झालं नाही, तपासणीत मोठा दोष निघाला किंवा मालकीत खोट आढळली तर पैसे परत. तोंडी शब्दावर विसार देऊ नका, समोरचा माणूस कितीही भला वाटला तरी. ठेवून जाणाऱ्या वस्तूंची यादी करा. पंखे, कपाटं, पाण्याची टाकी, दिवे. वाद नेमके यावरूनच होतात.

खरेदीखताच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा घर फिरा, रिकामं असताना. कपाटामागच्या भिंती आता दिसतील. विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचे आकडे फोटोसकट लिहून घ्या, मागची बिलं भरल्याच्या पावत्या घ्या, ताबा मिळाला की कुलपं बदला.

जुन्या मालकांकडे एक तास मागा आणि त्यांच्याबरोबर घरात फिरा. मुख्य पाण्याचा कॉक कुठे आहे, कुठली नळी कुठून गेलीय, कुठलं दार पावसात फुगतं, आणि रात्री-अपरात्री पाइप फुटला तर वस्तीतल्या कुणाला हाक मारायची. हे लिहून घ्या, नावानिशी. मग त्या शेजाऱ्याकडे सामान हलवण्याआधीच एकदा जाऊन या.